पैलतीरावरची घंटा

“दाब आता,” फ्राउकेने हात उंच करून खूण केली.

कालव्याच्या पलीकडे, फाटकाच्या खांबाशी उभ्या असलेल्या इड्सने लाल बटण दाबलं. फ्राउके ऐलतीरावर वळणापाशी उभी होती. तिथून एका बाजूला इड्स दिसायचा आणि दुसऱ्या बाजूला पाकेंच्या घराची खिडकी. लव्हाळी उन्हाळ्यात इतकी वाढायची, की घराच्या दारातून पैलतीर दिसायचाच नाही.

खिडकीतून रोजिनचं डोकं बाहेर आलं. “वाजली. सातव्यांदा. सातपैकी सात. ही घंटा बिघडलेली असेल तर मी इड्सचे बूट खाईन.”

“नको गं बाई. त्या बुटांत काय काय राहतं, ते त्यालासुद्धा माहीत नाही.”

फ्राउके हसली खरी, पण हसू अर्ध्यावरच विरलं. घंटा बिघडलेली नसेल, तर मग बिघडलंय काय?

पाके म्हणजे तिथल्या भाषेत आजोबा; हे फ्राउकेच्या आईचे वडील. नाव वीब्रेन, पण गावातली सगळी पोरं त्यांना पाकेच म्हणायची. एकतीस वर्षं ते ईस्टरसील गावची होडी चालवत होते. पसरट लोखंडी होडी, दोन्ही काठांना बांधलेल्या साखळीवर चालणारी. पाके चाक फिरवायचे आणि होडी डुलत डुलत पलीकडे जायची. दहा माणसं आणि त्यांच्या सायकली सहज मावायच्या. होडी नसली तर पुलापर्यंत चौदा किलोमीटरचा वळसा. उन्हाळ्यात तळ्यांना फेरी मारायला निघालेले सायकलवाले तर या होडीच्या भरवशावरच घरून निघायचे.

पूर्वी पैलतीरावर एक जुनी पितळी घंटा होती. वारा उलटा असला की ती वाजवणाऱ्यालाच ऐकू यायची. म्हणून वसंतात या तिघांनी शाळेत नवी घंटा बनवली. डबीत चार सेल, त्यांना जोडलेलं बटण, खांबाच्या टोकावर निरोप पाठवणारी छोटी पेटी आणि पाकेंच्या स्वयंपाकघरात तो निरोप ऐकून खणखणणारी घंटा. आजवर त्यांनी शाळेत बनवलेल्या वस्तू घरच्या कपाटांवर धूळ खात बसल्या होत्या. कुणाच्या तरी खरोखर उपयोगी पडलेली ही पहिलीच.

आणि आता तीन आठवड्यांपासून तक्रारी येत होत्या. ‘घंटा वाजवली, कोणी आलं नाही.’ ग्रामहित मंडळाने धक्क्यावर एक तक्रारवही टांगली होती. तिच्यात अशा आठ तक्रारी जमल्या होत्या.

काल संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष हॉल्वर्दाकाका पाकेंकडे कॉफी प्यायला आले होते. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. गावातलं प्रत्येक कुंपण आपल्या हाताने छाटायचे, प्रत्येक बाक स्वतः रंगवायचे. यंदा ‘सर्वांत सुंदर गाव’ स्पर्धेत ईस्टरसील पहिलं यावं म्हणून त्यांनी रक्ताचं पाणी केलं होतं. पण त्यांना सगळं झटपट लागायचं.

“वीब्रेन, वय सगळ्यांचंच होतं,” ते म्हणाले होते. “कान जरा दगा देतात, दुपारी डोळा लागतो. त्यात लाज कसली? शुक्रवारी दहा वाजता मंडळ धक्क्यावर जमेल आणि निर्णय होईल. मला विचारशील तर ऑगस्टपासून होडी बंद करावी हे बरं.”

पाकेंनी फक्त कॉफीचा कप बशीत फिरवला होता, एकदा इकडून, एकदा तिकडून. दाराआडून ऐकणाऱ्या फ्राउकेला ते फार लागलं.

आज मंगळवार. शुक्रवारला तीनच दिवस होते.

इड्स आपली छोटी वल्ह्यांची नाव घेऊन परत आला. “मी म्हणतो सेलच उतरले असतील. सेल अर्धे उतरले की कधी वाजते, कधी नाही. आमच्या आजीच्या रेडिओचं असंच होतं. बातम्या लागल्या की गप्प, भजनं लागली की सुरू.”

“आधी मोजायचं, मग बोलायचं,” रोजिन म्हणाली. तिच्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि हे वाक्य त्या दुकानात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. तिने पिशवीतून मीटर काढलं. “प्रत्येक सेल दीड व्होल्टचा. चार मिळून सहा. चला पलीकडे.”

तिघं नाव वल्हवत पलीकडे गेले, फाटकाशी उतरले. गुडघ्याएवढ्या उंचीवर खांबाला स्क्रूने बसवलेली सेलची डबी त्यांनी उघडली. एक एक सेल बाहेर काढून मोजला. चारही ठणठणीत. पण स्प्रिंगांवर पांढरट हिरवी बुरशी धरल्यासारखं काहीतरी होतं.

“सापडला चोर,” इड्स म्हणाला. “गंज. स्प्रिंगला गंज चढला की सेल तिला टेकलेला दिसतो, पण वीज काही जात नाही.”

दुपारभर ते स्प्रिंगा घासत बसले. पाकेंच्या घरातलं लोणच्याचं व्हिनेगर, जुना टूथब्रश, मग स्वच्छ फडकं. स्प्रिंगा चकाकायला लागल्या. इड्सने सेल पुन्हा आत बसवले. रोजिनने मीटरच्या दोन सळ्या टोकांना लावल्या आणि भुवया वर केल्या.

“तीन.”

“तीन काय?”

“सहाऐवजी तीन व्होल्ट. आत्ता तर चारही चांगले होते.”

तिघं डबीवर ओणवले. मग फ्राउके खो खो हसायला लागली. “इड्स, तिसरा सेल उलटा घातलायस तू. तीन जण पुढे ढकलतायत आणि एक मागे ओढतोय. मग उरणार किती?”

“दोघांच्याच ढकलण्याएवढं,” इड्स हिशेब करत म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. “मी मुद्दाम घातला होता. तुमचं लक्ष आहे का ते बघायला.”

“हो हो, परीक्षकसाहेब.” रोजिनने सेल फिरवला. मीटरने सहा दाखवले. बटण दाबलं. लांबवर पाकेंच्या घरात घंटा वाजली.

त्या रात्री फ्राउके निश्चिंत झोपली.

आणि बुधवारी अकरा वाजता, बारीक पाऊस पडत असताना, हॉल्वर्दाकाका भिजलेला रेनकोट झटकत पाकेंच्या दारात उभे राहिले. एक जर्मन कुटुंब पंधरा मिनिटं पैलतीरावर पावसात ताटकळलं होतं. दोन लहान मुलं, वडील, आई. वीस वेळा बटण दाबलं म्हणे. शेवटी ऐलतीरावरून फिरणाऱ्या हॉल्वर्दाकाकांनाच ते लोक दिसले आणि त्यांनी पाकेंना हाक मारली.

“वीस वेळा, वीब्रेन,” ते हळूच म्हणाले. रागावले असते तर फ्राउकेला इतकं वाईट वाटलं नसतं.

पाके पलीकडचं फाटक लावून जर्मन कुटुंबाला घेऊन आले, ते लोक गेले आणि तिघं पुन्हा नाव घेऊन पलीकडे धावले. फ्राउकेने बटण दाबलं. घंटा वाजली. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा वाजली.

परत येताना कालव्याच्या मध्यावर इड्सने वल्ही थांबवली.

“फ्राउके, राग मानू नकोस. पण पाके दुपारचे झोपत असतील का गं? म्हणजे माझे आजोबासुद्धा झोपतात. जेवताना झोपतात. एकदा सूपमध्ये नाक गेलं होतं.”

“अकरा वाजता दुपार होते का?” ती फटकन म्हणाली. “आणि तुला काही कळत नसेल तर गप्प बस.”

इड्स पुन्हा वल्हवू लागला. फ्राउकेला राग आला होता तो इड्सचा नव्हता. तो जे बोलला, तेच सकाळपासून तिच्या मनात घोळत होतं.

घरी आल्यावर ती पाकेंना शोधत स्वयंपाकघरात गेली. पाके नव्हते. टेबलावर राईच्या पावाचा तुकडा चीज लावून तसाच पडला होता, कडा वाळलेल्या. बागेत नव्हते, होडीवरही नव्हते. मग तिला माळ्यावर लाकूड करकरल्याचा आवाज आला.

माळ्याचा जिना म्हणजे शिडीच. पाकेंचा डावा गुडघा दुखायचा, म्हणून ते वर्षानुवर्षं वर चढले नव्हते. फ्राउके वर गेली. छपरातल्या इवल्याशा खिडकीशी, एका उलट्या ठेवलेल्या बादलीवर पाके बसले होते. हातात दुर्बीण होती. त्या खिडकीतून लव्हाळ्यांच्या वरून पैलतीर दिसायचा.

“पाके? इथे काय करताय?”

ते दचकले. दुर्बीण मांडीवर ठेवली. “बसलोय. हवा चांगली आहे इथे.”

माळ्यावर हवा कोंदट होती आणि जुन्या जाळ्यांचा वास येत होता.

“किती वेळ?”

“काल सकाळपासून,” पाके म्हणाले. “आज तो हार्मेन हॉल्वर्दा आला तेव्हा नेमका खाली गेलो होतो, लघवीला. गुडघ्यामुळे उतरायला वेळ लागतो. तेवढ्यात ते लोक आले असणार.” ते थांबले. “अगं, मला घंटा ऐकूच आली नाही, फ्राउके. आधी वाटायचं, लोक उगाच बोलतात. पण आता मलाच खात्री नाही. कान जाताना माणसाला कळतं थोडंच? जे ऐकू आलं नाही, ते आलं नाही हे कसं कळणार?”

ती त्यांच्या शेजारी फळ्यांवर बसली.

“मलाही वाटलं होतं,” ती म्हणाली. “की तुम्ही झोपत असाल.”

“हो का?”

“सॉरी, पाके.”

“सॉरी कशाला? मलाही तेच वाटत होतं.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “जा, तो पाव खाऊन टाक. मला भूक नाही.”

तिने पाव खाल्ला नाही. तिने तो वर आणून पाकेंच्या हातात दिला आणि ते खाईपर्यंत दुर्बीण आपल्या डोळ्यांना लावून बसली. मग खाली उतरली आणि धावत धक्क्यावर गेली. इड्स आणि रोजिन तिथेच बसून ज्येष्ठमधाच्या काळ्या खारट गोळ्या चघळत होते.

“इड्स, मी मघाशी ओरडले.”

“मला सवय आहे. घरी बहिणी आहेत चार,” इड्सने गोळ्यांची पुडी पुढे केली.

“ऐका. पाकेंचे कान चांगले आहेत, असं धरून चालू. घंटाही चांगली आहे. दोन्ही चांगलं आहे आणि तरी आवाज येत नाही. मग आपण बटण दाबतो आणि लोक बटण दाबतात, यात काहीतरी फरक असलाच पाहिजे. तो शोधायचा.”

रोजिन उठली आणि खिळ्यावरची तक्रारवही काढून आणली. नववी तक्रार जर्मन भाषेत होती, अक्षर पावसाने फुगलेलं. “वाच सगळ्या. मोठ्याने.”

फ्राउके वाचू लागली. “चार जुलै. ‘आम्ही दोघं आमच्या दोनआसनी सायकलवर...’ सहा जुलै. ‘सामानाच्या पिशव्या सायकलीवरून उतरवून वाट पाहिली.’ नऊ जुलै. ‘मुलांची सायकलगाडी घेऊन चौदा किलोमीटर मागे जावं लागलं, धन्यवाद.’ हे धन्यवाद टोमणा आहे बहुतेक.”

“थांब,” रोजिन म्हणाली. “हे सगळे सायकलवाले आहेत.”

“उन्हाळ्यात सगळेच सायकलवाले असतात,” इड्स म्हणाला.

“सगळे नाही. पायी येणारे किती असतात. पोस्टमन येतो. पलीकडच्या मळ्यातली बाई रोज अंडी घेऊन येते. तिने कधी तक्रार केली?”

तिघांनी वही पुन्हा चाळली. नऊच्या नऊ तक्रारी सायकलवाल्यांच्या होत्या. पायी आलेल्या एकाचीही नव्हती.

“म्हणजे काय, घंटेला सायकली आवडत नाहीत?” इड्सने विचारलं. “चेटूक आहे का?”

“चेटूक नाही,” रोजिन म्हणाली. “आपण प्रत्येक वेळी नावेतून गेलो. सायकल घेऊन एकदाही गेलो नाही. आधी मोजायचं, मग बोलायचं. उद्या सकाळी सायकल नेऊ.”

गुरुवारी रोजिन नुसती सायकल नाही, तर बाबांची सामान पोचवायची सायकल घेऊन आली. पुढे भली मोठी लाकडी पेटी, तीन चाकं, ढकलताना बैलगाडीसारखी. पाकेंनी होडीचं चाक फिरवत ती पलीकडे नेली. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त मुलींना उतरवताना म्हणाले, “काही सापडलं तर सांगा. नाही सापडलं तरी सांगा.”

वाऱ्यामुळे घंटा पलीकडे ऐकू येण्याची खात्री नव्हती, म्हणून ठरलं असं की इड्सने पाकेंच्या स्वयंपाकघरात थांबायचं आणि घंटा वाजली की वळणावर येऊन पांढरा टॉवेल हलवायचा. फ्राउके आणि रोजिन सायकल घेऊन मळ्याच्या रस्त्याने लांबवर गेल्या आणि मग अनोळखी प्रवाशासारख्या परत आल्या.

पैलतीरावरच्या धक्क्यावर यायला दोन वाटा होत्या. पायी येणाऱ्यांसाठी कुंपणात एक अरुंद नागमोडी फट होती, मेंढ्या बाहेर पडू नयेत म्हणून. सायकल मात्र तिच्यातून जायची नाही. सायकलवाल्यांना मोठं हिरवं फाटक उघडावं लागायचं. फ्राउकेने फाटक पूर्ण मागे नेलं, आकडीत अडकवलं. रोजिनने ती जड सायकल ढकलत आत आणली. मग फ्राउकेने लाल बटण दाबलं.

टॉवेल दिसला नाही.

तिने पुन्हा दाबलं. पाचदा दाबलं. पलीकडे फक्त लव्हाळी हलत होती.

“मुकी झाली,” रोजिन कुजबुजली. “खरंच मुकी झाली.”

इतक्यात मळ्यातल्या चार मेंढ्या उघड्या फाटकाकडे डुलत येऊ लागल्या. “अगं, फाटक. लाव आधी, नाहीतर पाण्यात जातील.” तिने आकडी काढून फाटक लोटलं. मेंढ्या नाराज होऊन उभ्या राहिल्या. फ्राउकेने सवयीने पुन्हा एकदा बटण दाबलं.

वळणावर इड्स धावत आला. टॉवेल असा काही फिरवत होता, की स्वतःच पाण्यात पडेल असं वाटलं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग फ्राउकेने सावकाश फाटक उघडलं. बटण दाबलं. काही नाही. लावलं. दाबलं. टॉवेल. उघडलं. काही नाही.

“सायकल नाही,” ती म्हणाली. “फाटक.”

आता मीटर. डबीत सेलच्या टोकांना सहा व्होल्ट, फाटक उघडं असो की बंद. मग रोजिन सायकलच्या पेटीत उभी राहिली आणि खांबाच्या टोकावरच्या पेटीपर्यंत हात पोचवला. फ्राउकेने बटण दाबून धरलं.

“फाटक बंद: सहा,” वरून आवाज आला. “आता उघड.”

फ्राउकेने पाय लांब करून फाटक ढकललं.

“शून्य. सेलमधून वीज निघते, पण वर पोचत नाही. मधे कुठेतरी सांडतेय.”

“वीज सांडत नाही.”

“माहीतेय मला. तार तुटलीय मधे. शोध.”

फ्राउके गुडघ्यांवर बसली आणि डबीपासून तार बोटाने चाचपत वर जाऊ लागली. वसंतात त्यांनी ही तार बिजागरीपाशी मुद्दाम सैल सोडली होती, फाटक हलताना ताण बसू नये म्हणून. आता ती सैल नव्हती. बिजागरीवरून ती वीणेच्या तारेसारखी ताठ गेली होती. आणि तिथेच, हिरव्या रंगाच्या जाड थराखाली, बोटाला एक गाठ लागली.

तिने नखाने रंग खरवडला. आत चिकटपट्टी होती. चिकटपट्टीखाली तारेची दोन टोकं एकमेकांना नुसती पीळ देऊन जोडलेली, वितळवलेल्या कथलाचा डाख नाही, काही नाही. फाटक पूर्ण उघडलं की बिजागरीची कड तारेला ओढायची आणि ती टोकं चिकटपट्टीच्या आतल्या आत सुटायची. फाटक लागलं की पुन्हा टेकायची. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसायचं नाही.

“कुणीतरी तार कापली,” रोजिन म्हणाली. “मग तुकडा वाया गेला, तार आखूड पडली, तशीच ताणून जोडली आणि वरून रंग मारला.”

“फाटकाला रंग कधी मारला?”

रोजिनला आठवायची गरज नव्हती. स्पर्धेसाठी गावातलं प्रत्येक फाटक जूनच्या शेवटच्या आठवड्यात हिरवं झालं होतं. आणि ते कुणी केलं, हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

इड्सला कळलं तेव्हा तो धक्क्यावरच नाचायला लागला. “उद्या सगळ्यांसमोर वाजवू त्यांची घंटा. ‘अध्यक्षमहाराज, हे काय?’ असं विचारू. मी विचारतो. मला विचारू द्या ना.”

फ्राउकेने पाकेंकडे पाहिलं. पाके होडीच्या कठड्याला टेकून ऐकत होते. त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले, मग कानांवरून, जणू कान जागेवर आहेत ना ते बघत होते. त्यांचे डोळे ओले झाले होते.

“म्हणजे मला ऐकू येतं,” ते म्हणाले.

“कालसुद्धा येत होतं, पाके. वाजलीच नव्हती घंटा.”

“हं.” ते पाण्याकडे वळले. “इड्स, कुणाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावणं फार सोपं असतं. मला गेल्या तीन आठवड्यांत ते चांगलं कळलंय.”

इड्सचं नाचणं थांबलं.

त्या दिवशी त्यांनी तार तशीच ठेवली. फाटकावर मात्र एक पुठ्ठा लावला: ‘कृपया फाटक बंद करून मग घंटा वाजवा.’ संध्याकाळपर्यंत घंटा अकरा वेळा वाजली, त्यातले नऊ सायकलवाले. पाके अकराच्या अकरा वेळा गेले. माळ्यावर एकदाही चढले नाहीत.

शुक्रवारी सकाळी पुठ्ठा काढून ठेवला. दहाच्या ठोक्याला मंडळ धक्क्यावर जमलं. हॉल्वर्दाकाका, चिटणीस बाउकेकाकू आणि बातमी कळून आलेले पंधरा-वीस गावकरी. हॉल्वर्दाकाकांच्या हातात कागद होता.

“काका,” फ्राउके पुढे झाली. “निर्णय वाचायच्या आधी एक विनंती आहे. तुम्ही स्वतः एकदा पलीकडून घंटा वाजवून बघाल? तुमची सायकल घेऊन. एखादा प्रवासी येतो तशी.”

“त्याने काय होणार, पोरी?”

“तुम्हाला जे सांगायचंय, ते मग तुम्ही स्वतःच्या अनुभवाने सांगाल.”

बाउकेकाकूंनी चष्म्यावरून पाहिलं. “बरोबर बोलतेय ती, हार्मेन. मीही येते.”

पाकेंनी दोघांना, मुलींना आणि सायकलीला पलीकडे नेलं आणि होडी घेऊन परत गेले. इड्स त्यांच्याबरोबर टॉवेल घेऊन गेला. हॉल्वर्दाकाकांनी रस्त्यावरून येऊन फाटक उघडलं, आकडीत अडकवलं, सायकल आत घेतली आणि बटण दाबलं. वाट पाहिली. पुन्हा दाबलं.

“बघा,” ते बाउकेकाकूंना म्हणाले. आवाजात विजय नव्हता, खिन्नपणाच होता. “मला आनंद होत नाही हे सांगताना. पण बघा.”

“आता फाटक लावाल, काका?” फ्राउके म्हणाली. “आणि परत दाबाल?”

त्यांनी लावलं. दाबलं. वळणावर टॉवेल नाचला आणि लगेच साखळी खडखडली. पाके निघाले होते.

हॉल्वर्दाकाकांनी कपाळाला आठ्या घातल्या. “पुन्हा उघडा बघू.” त्यांनी स्वतःच उघडलं. काही नाही. लावलं. टॉवेल. आता तेही गुडघ्यांवर बसले, नाक बिजागरीला लागेल इतके जवळ. रोजिनने बोट दाखवलं नाही. त्यांचं स्वतःचंच बोट तारेवरून सरकत गेलं आणि खरवडलेल्या रंगापाशी थांबलं. चिकटपट्टीचं टोक त्यांनी उचललं.

त्यांची मान हळूहळू लाल झाली.

“ही पट्टी माझी आहे,” ते म्हणाले. “जूनमध्ये हे कुंपण छाटत होतो. यंत्र घसरलं आणि तार कापली गेली. घाई होती, परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. म्हटलं, आत्ता जोडून ठेवू, संध्याकाळी पोरांना सांगू. बटण दाबून पाहिलं, वीब्रेन आला. म्हटलं, झालं की. मग रंग मारला.” त्यांनी डोकं हलवलं. “आणि विसरलो. साफ विसरलो.”

होडी काठाला लागली. हॉल्वर्दाकाका उठले, गुडघे न झटकताच होडीपाशी गेले.

“वीब्रेन, तुझे कान नाही, माझी अक्कल गेली होती. मी गावभर सांगत फिरलो, तू म्हातारा झालास म्हणून.”

“म्हातारा तर मी झालोय,” पाके म्हणाले. “तेवढं तुझं बरोबर होतं. चढ, लोक वाट बघतायत.”

ऐलतीरावर हॉल्वर्दाकाकांनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं, काही न लपवता. मग हातातला कागद चार घड्या करून खिशात घातला. बाउकेकाकू म्हणाल्या, “मंडळात आम्ही सात शहाणी माणसं आहोत. सातही जणांनी तक्रारी मोजल्या. वाचल्या मात्र या तिघांनी. ईस्टरसीलची होडी चालूच राहील, आणि या पोरांचे आभार मी इतिवृत्तात लिहिणार आहे. नावांसकट.”

“माझं नाव दोन ओळींत लिहिलं तरी चालेल,” इड्स म्हणाला, आणि सगळे हसले.

“आणखी एक,” हॉल्वर्दाकाका म्हणाले. “ती तार मला नीट जोडायचीय. शिकवाल?”

मग दुपारी गावाला एक मजेदार दृश्य दिसलं. पाकेंच्या अंगणातल्या टेबलाशी ग्रामहित मंडळाचे अध्यक्ष डाख लावायची तापलेली डाखणी धरून बसले होते आणि अकरा वर्षांची रोजिन त्यांच्या डोक्याशी उभी होती.

“आधी तार तापवायची, काका. मग डाख लावायचा. तुम्ही नुसता वर थेंब ठेवलात. हा बघा, ओढला की निघाला.”

“बरं दिसतंय की.”

“दिसायला बरंच होतं मागच्या वेळीसुद्धा.”

काकांनी मुकाट्याने पुन्हा तार तापवली. तिसऱ्या खेपेला जोड चकाकला. रोजिनने तो दोन्ही हातांनी ओढला, वाकवला, मीटर लावलं आणि मान डोलावली. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि भाजलेलं बोट तोंडात घातलं. मग सगळ्यांनी मिळून नवी तार बसवली, बिजागरीपाशी वीतभर सैल सोडून, आणि फाटक पंचवीस वेळा उघडून लावून पाहिलं.

चार वाजता बाउकेकाकू साखरपाव घेऊन आल्या. बाहेर ऊन उतरलं होतं. फ्राउके साखरपावाचा एक तुकडा घेऊन पाकेंना शोधत स्वयंपाकघरात गेली.

पाके खुर्चीत झोपले होते. पाय स्टुलावर, हात पोटावर, तोंड अर्धवट उघडं. गेल्या तीन आठवड्यांत ती त्यांना असं झोपलेलं पहिल्यांदाच बघत होती. ती आवाज न करता दारातच उभी राहिली.

घंटा खणखणली.

पाकेंनी डोळे उघडले. टोपीसाठी हात लांबवला, उठले आणि चालू लागले. दारात फ्राउकेला बघून थबकले, तिच्या हातातला साखरपाव उचलला आणि अर्धा तोंडात घातला.

“सायकलवाले असणार,” ते भरल्या तोंडाने म्हणाले. “घाईत आहेत. ऐकलंस ना, कसे दाबतायत ते?”